कोकणातील आमदाराची कारकीर्द नोंदींच्या आधारे कशी लिहावी

आमदारांविषयी कोकणात जे छापून येते, ते बहुधा दोन प्रसंगी येते. एक वाढदिवसाच्या पुरवणीत आणि दुसरे निधनानंतरच्या श्रद्धांजलीत. पहिल्यात कार्यकर्त्यांचा उत्साह असतो, दुसऱ्यात मृत्यूनंतर वाईट बोलू नये हा संकोच असतो. या दोहोंच्या मधली पाच, दहा किंवा पंचवीस वर्षे, म्हणजे त्या माणसाने सभागृहात काय मांडले, कोणत्या प्रश्नाचा शेवटपर्यंत पाठपुरावा केला आणि कोणता वाऱ्यावर सोडला, हे कोणी लिहीत नाही. हे काम गावातल्या शिक्षकाला, महाविद्यालयीन विद्यार्थ्याला, तालुक्याच्या वार्ताहराला किंवा ग्रंथालयाच्या कार्यकर्त्याला करता येण्यासारखे आहे. त्यासाठी लागणारी बहुतेक कागदपत्रे सार्वजनिक आहेत. आमदाराला आपण विधिमंडळात पाठवतो, म्हणून त्याची कारकीर्द मोजण्याची पहिली जागा विधिमंडळाची नोंद हीच आहे, आणि त्या नोंदीतले शब्द गावापर्यंत पोहोचले की नाही हे पाहणे ही दुसरी पायरी. पुढील सर्व सूचना या एका धाग्याने बांधलेल्या आहेत.

सुरुवात मतदारसंघापासून करावी, कारण इथेच पहिली गफलत होते. आज रायगडमध्ये पनवेल, कर्जत, उरण, पेण, अलिबाग, श्रीवर्धन आणि महाड असे सात, रत्नागिरीत दापोली, गुहागर, चिपळूण, रत्नागिरी आणि राजापूर असे पाच, तर सिंधुदुर्गात कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी असे तीन विधानसभा मतदारसंघ आहेत. २००८ च्या पुनर्रचनेपूर्वी खेड, संगमेश्वर, देवगड, मालवण आणि वेंगुर्ले हे स्वतंत्र मतदारसंघ होते. त्यामुळे दक्षिणेकडच्या दोन जिल्ह्यांतील अकरा जागांच्या २००९ च्या निवडणुकीपासून आठ झाल्या. मालवणच्या जुन्या आमदाराची मते कुडाळच्या आजच्या आमदाराच्या मतांशी तुलना करण्यासाठी थेट शेजारी मांडली, तर ती तुलना फसवी ठरते. आपला विषय विधानसभेचा सदस्य आहे की विधान परिषदेचा, हेही पहिल्याच पानावर स्पष्ट करावे. विधानसभेत २८८ सदस्य असतात, मुदत पाच वर्षांची असते आणि उमेदवाराचे वय किमान २५ असावे लागते. विधान परिषदेत ७८ सदस्य असतात, मुदत सहा वर्षांची आणि वयाची अट ३० ची असते. कोकणातून पदवीधर, शिक्षक आणि स्थानिक स्वराज्य संस्था या मतदारसंघांतूनही परिषदेवर सदस्य जातात. त्यांचे मतदार वेगळे असल्याने त्यांच्या कामाचे मोजमापही वेगळे असते.

यानंतर निवडून येण्यापूर्वीचा काळ नोंदवावा. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगर परिषद, सहकारी बँक, मच्छीमार सहकारी सोसायटी यांपैकी कोणत्या पायरीवरून ही व्यक्ती वर आली, याला महत्त्व आहे. जिल्हा परिषदेत बांधकाम किंवा शिक्षण समिती सांभाळलेला माणूस अंदाजपत्रक वाचू शकतो, आणि त्याच्या सभागृहातील प्रश्नांतून ते जाणवते. कोकणात याच्या जोडीला मुंबईचा अध्याय जवळजवळ अटळ असतो. गावच्या ग्रामस्थ मंडळाची मुंबई शाखा, गिरणगावातली कामगार चळवळ, महापालिकेतील नगरसेवकपद आणि गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांशी असलेले नाते यांतून अनेकांचे राजकारण उभे राहिले. रायगड जिल्ह्यातील नांदवी येथे जन्मलेले मनोहर जोशी मुंबईचे महापौर झाले, दादरमधून विधानसभेवर गेले आणि १९९५ मध्ये मुख्यमंत्री झाले. त्यांचा मतदारसंघ कोकणात नव्हता, तरी कोकणच्या राजकारणाची ही वाट समजून घ्यायला त्यांचे उदाहरण उपयोगी पडते.

निवडणुकीची कागदपत्रे तीन प्रकारची पाहावीत. पहिले शपथपत्र, म्हणजे नमुना २६. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निर्णयांमुळे उमेदवाराला मालमत्ता, कर्जे, शिक्षण आणि फौजदारी प्रकरणे जाहीर करावी लागतात. एकच शपथपत्र वाचून फारसे हाती लागत नाही. लागोपाठच्या तीन निवडणुकांची शपथपत्रे शेजारी ठेवावीत आणि जमीन कोणत्या गावात, कोणत्या वर्षी वाढली ते पाहावे. फौजदारी प्रकरणांविषयी लिहिताना गुन्हा दाखल होणे, आरोप निश्चित होणे आणि दोषी ठरणे हे तीन टप्पे कधीही एकत्र करू नयेत. आंदोलनात रस्ता अडवल्याचा गुन्हा आणि फसवणुकीचा गुन्हा यांना एकाच आकड्यात बसवणेही अन्यायाचे आहे. दुसरा कागद नमुना २०, ज्यात मतदान केंद्रनिहाय मते असतात. वाडीवाडीचा कल त्यातून दिसतो. मात्र त्यावरून कोणत्या समाजाने कोणाला मत दिले असा निष्कर्ष काढण्याचा मोह टाळावा, कारण त्या कागदात तसे काहीही नसते. तिसरा निवडणूक खर्चाचा हिशेब, जो निकालानंतर ३० दिवसांच्या आत सादर करावा लागतो.

आता मुख्य काम. वर्षभरात साधारणपणे विधिमंडळाची तीन अधिवेशने होतात. अर्थसंकल्पीय आणि पावसाळी अधिवेशने मुंबईत होतात, आणि नागपूर करारानुसार हिवाळी अधिवेशन नागपुरात. या अधिवेशनांचे कामकाज विधिमंडळाच्या संकेतस्थळावर आणि विधान भवनाच्या ग्रंथालयात पाहता येते. ज्या प्रतीवर ‘असुधारित प्रत’ असा शेरा असेल, तिच्यातील वाक्य उद्धृत करताना तसा उल्लेख करावा. तारांकित प्रश्न (ज्याचे उत्तर सभागृहात तोंडी मिळते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतो), अतारांकित प्रश्न (ज्याचे उत्तर फक्त लेखी मिळते), लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचे लक्ष वेधणारी), अर्धा तास चर्चा, औचित्याचा मुद्दा, अशासकीय, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेला ठराव आणि तसेच अशासकीय विधेयक ही सदस्याची हत्यारे आहेत. त्यांपैकी कोणते हत्यार कोणत्या वेळी उचलले, यावरून सदस्याची जाण कळते.

तारांकित प्रश्नाची भाषा ठरलेली असते, म्हणून तो वाचायची सवय करावी लागते. पहिल्या भागात अमुक तालुक्यातील अमुक खाडीवरील साकव (छोटा पूल) पावसाळ्यात वाहून गेल्याने ग्रामस्थांची गैरसोय होत आहे, ‘हे खरे आहे काय’ असे विचारलेले असते. दुसऱ्या भागात ‘असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय’, तिसऱ्यात ‘त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे’ आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. उत्तरात ‘हे खरे नाही’, ‘अंशतः खरे आहे’ किंवा ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे शब्द येतात. नवखा वाचक इथेच थांबतो. खरी माहिती ‘अंशतः’ या शब्दानंतरच्या दोन-तीन ओळींत असते, कारण तिथे विभागाला नाइलाजाने प्रशासकीय मान्यतेची तारीख, निधीची रक्कम किंवा अंदाजपत्रक प्रलंबित असल्याचे कबूल करावे लागते. या ओळी वहीत तशाच्या तशा उतरवून घ्याव्यात. त्यानंतर सदस्याने उपप्रश्न विचारला का, आणि विचारला असेल तर तो उत्तरातल्या नेमक्या फटीवर बोट ठेवणारा होता की आपल्या तालुक्याचे नाव कार्यवाहीत, म्हणजे सभागृहाच्या कामकाजाच्या छापील नोंदीत, यावे एवढ्यासाठीच होता, हे पाहावे.

प्रश्नांची संख्या मोजून आमदारांची क्रमवारी लावण्याची पद्धत मला मान्य नाही. एकाच प्रश्नावर अनेक सदस्यांची नावे असतात. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले जातात, आणि ज्याने विषयाचा अभ्यास केला तो कोण आणि ज्याने केवळ सही केली तो कोण, हे आकड्यातून कळत नाही. शिवाय मंत्री असलेला सदस्य प्रश्न विचारत नाही, तो उत्तरे देतो. अध्यक्ष किंवा सभापती झालेल्या सदस्याचेही तसेच. मंत्रिपदाच्या काळात प्रश्न शून्य म्हणून त्याला निष्क्रिय ठरवणे चुकीचे आहे. त्याऐवजी एक विषय निवडावा आणि त्याच विषयावर त्या सदस्याने पाच वर्षांत काय काय केले, ते तारखेनुसार मांडावे.

विषय निवडताना तो राज्याच्या अखत्यारीतला आहे का, हे आधी तपासावे. मुंबई-गोवा राष्ट्रीय महामार्गाचे चौपदरीकरण, कोकण रेल्वेच्या गाड्यांचे थांबे आणि किनारा नियमन क्षेत्राची (सीआरझेड) मूळ अधिसूचना हे केंद्राचे विषय आहेत. त्यांवर आमदार आवाज उठवू शकतो, आणि उठवलाही पाहिजे, पण निर्णय त्याच्या सभागृहात होत नाही. याउलट किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या कायद्याखाली येते. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा आहे आणि २०२१ मध्ये त्यात सुधारणा करून बेकायदा पर्ससीन (माशांच्या थव्याला वेढा घालणारे मोठे जाळे) आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीवरील दंडाची तरतूद कडक करण्यात आली. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे जाळे, ओढणारे आणि छोट्या होड्यांचे पारंपरिक मच्छीमार एका बाजूला, पर्ससीन नौकांचे मालक आणि त्यांवरचे खलाशी दुसऱ्या बाजूला, आणि दोघेही त्याच आमदाराचे मतदार, अशी ही अवघड जागा आहे. या सुधारणेच्या वेळी आपला आमदार काय बोलला, कोणाच्या बाजूने बोलला, की गप्प राहिला, हे नोंदवले तर किनारपट्टीच्या आमदाराची खरी परीक्षा वाचकासमोर येते. डिझेल परतावा, मासळी उतरवण्याच्या जेट्टी, खारभूमीचे (खाडीचे खारे पाणी शेतात शिरू न देणारे) बंधारे आणि त्यांच्या दुरुस्तीअभावी नापीक होणारी भातशेती हेही असेच राज्याच्या हातातले विषय आहेत. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतरची आणि २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या महापुरानंतरची अधिवेशने तर अवश्य वाचावीत. नारळ-सुपारीची वाडी गुंठ्यांत असते, तिला हेक्टरी मदतीचा निकष तोकडा पडतो, हे सभागृहाला समजावून सांगण्याचे काम कोकणातल्या सदस्याखेरीज कोण करणार?

ठराव आणि अशासकीय विधेयके बहुतेक वेळा मंजूर होत नाहीत, किंवा मंजूर होऊनही अमलात येत नाहीत. म्हणून ती कारकिर्दीच्या हिशेबातून वगळली जातात, आणि ही मोठी उणीव आहे. कोकणाच्याच इतिहासातली दोन उदाहरणे पाहावीत. सीताराम केशव बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा इत्यादी ठिकाणे अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना खुली करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याला अनुसरून चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला, पण प्रत्यक्षात कोणाला पाणी घेऊ दिले गेले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोक तळ्यावर गेले, तेव्हा त्यांच्या पाठीशी हा कागद उभा होता. दुसरे उदाहरण खोतीचे, म्हणजे खोताने गावातल्या कुळांकडून सारा वसूल करण्याच्या पद्धतीचे. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक मांडले. त्याच काळात अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा अनेक वर्षांचा संप चालू होता. ते विधेयक तेव्हा कायदा झाले नाही. खोती निर्मूलनाचा कायदा १९४९ मध्ये आला. केवळ मंजूर विधेयकांची यादी करणाऱ्याच्या वहीत १९३७ चे ते पान कोरेच राहील. म्हणून आपल्या आमदाराने मांडलेले आणि नामंजूर झालेले, किंवा मंत्र्याच्या आश्वासनावर मागे घेतलेले प्रत्येक विधेयक नोंदवावे, आणि पुढच्या दहा वर्षांत तोच विषय शासनाने उचलला का, ते पाहावे.

समित्यांचे काम सर्वांत दुर्लक्षित. लोकलेखा समिती, अंदाज समिती, पंचायत राज समिती, आश्वासन समिती यांवर आपला सदस्य होता का, आणि त्या काळात समितीने कोकणाविषयी कोणता अहवाल दिला, एवढे तरी शोधावे.

नोंदीतून गावाकडे येताना आमदार निधीचे काम तपासणे सोयीचे पडते. हा निधी २०२२ मध्ये वर्षाला ५ कोटी रुपये करण्यात आला. लोकांचा समज असतो की हे पैसे आमदाराच्या हातात येतात. तसे नसते. आमदार काम सुचवतो, जिल्हाधिकारी कार्यालयाकडून ते मंजूर होते आणि एखादी शासकीय यंत्रणा ते करते. म्हणून वहाळावरच्या एखाद्या साकवाचा शोध घ्यायचा झाल्यास शिफारस पत्राची तारीख, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील नोंद आणि अंतिम देयक हे सहा कागद मागावेत. जिल्हा नियोजन कार्यालयाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि तोही १५० शब्दांच्या आत लिहावा लागतो, म्हणून ‘आमदार निधीतील सर्व कामांची माहिती द्या’ असा अघळपघळ अर्ज करू नये. वर्ष, गाव आणि कामाचे नाव लिहून मोजके कागद मागावेत. कागद मिळाल्यावर साकवावर स्वतः जाऊन यावे, आणि तेही पावसाळ्यात जावे. कठड्याची उंची, दोन्ही बाजूंच्या पाखाड्या (दगडी पायवाटा) पुलाला येऊन मिळतात की चिखलात संपतात, पलीकडच्या वाडीतली मुले शाळेत त्यावरून जातात की अजूनही मुख्य रस्त्याने वळसा घालतात, हे कागदावर सापडत नाही. कोनशिलेवरची तारीख आणि देयकाची तारीख जुळते का, तेही पाहावे. एकाच कामाचे भूमिपूजन दोन पक्षांनी केले असेल, तर शिफारस कोणाची आणि तरतूद अंदाजपत्रकातल्या कोणत्या लेखाशीर्षातून झाली हे लिहून वाद कागदावर सोडवावा.

मंत्रिपद भूषवलेल्यांच्या बाबतीत आमदार म्हणून केलेले काम आणि मंत्री म्हणून घेतलेले निर्णय वेगळे मांडावेत. बॅ. अ. र. अंतुले यांचेच पाहा. म्हसळ्याजवळच्या आंबेत गावचे अंतुले १९६२ मध्ये श्रीवर्धनमधून विधानसभेवर गेले आणि जून १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला, कुलाब्याचे नाव रायगड झाले आणि निराधारांसाठीची संजय गांधी योजना सुरू झाली, हे त्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळातले. सिमेंट वाटप प्रकरणी उच्च न्यायालयाच्या निकालानंतर जानेवारी १९८२ मध्ये त्यांना पद सोडावे लागले, हेही त्याच काळातले. दोन्ही एकाच प्रकरणात लिहावे. चाहत्याने पहिले आणि विरोधकाने दुसरे तेवढे लिहायचे, या प्रथेमुळे कोकणातल्या मोठ्या माणसांची नीट चरित्रे झाली नाहीत असे मला वाटते.

पक्षांतर झाले असेल, तर विशेषण न लावता क्रम लिहावा: कोणत्या दिवशी पक्ष सोडला, आमदारकीचा राजीनामा दिला का, पोटनिवडणूक झाली का, की राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीखाली, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याखाली, अपात्रतेची याचिका दाखल झाली. दहावी अनुसूची १९८५ ची आहे, आणि २००३ च्या घटनादुरुस्तीनंतर एक तृतीयांश सदस्यांच्या फुटीला मिळणारे संरक्षण संपले. त्यामुळे १९९० च्या दशकातले पक्षांतर आणि आजचे पक्षांतर एकाच कायद्याने तपासता येत नाही.

एक मोठे काम कोणत्याही कार्यवाहीत सापडणार नाही. रात्री अपरात्री मुंबईच्या रुग्णालयात खाट मिळवून देणे, दाखल्यासाठी तहसील कार्यालयात फोन करणे, समुद्रात बेपत्ता झालेल्या होडीसाठी तटरक्षक दलापर्यंत निरोप पोहोचवणे, ही कामे आमदार आणि त्याचा स्वीय सहायक रोज करतात, आणि ज्याच्या घरातला माणूस त्यामुळे वाचला, त्याच्यासाठी आमदारकीचा अर्थ तेवढाच असतो. हे काम कमी लेखू नये. आमदाराच्या कार्यालयात सकाळी जाऊन बसावे, आलेल्या माणसांची अडचण विचारावी, नाव न लिहिता अडचणीचा प्रकार तेवढा टिपावा. महिन्याभरात लक्षात येते की बऱ्याच तक्रारी एक-दोन कार्यालयांतल्या दिरंगाईच्या आहेत. मग कार्यवाहीकडे परत यावे आणि त्या दिरंगाईवर या सदस्याने सभागृहात एखादा तरी प्रश्न विचारला का, ते पाहावे. रोज शंभर जणांना फोन करून मदत करणारा, पण ज्या नियमामुळे त्या शंभर जणांना आपल्या दारी यावे लागते तो नियम बदलण्यासाठी कधी न उठलेला आमदार भला माणूस असेल, पण विधिमंडळाचा सदस्य म्हणून त्याचे काम अपुरे आहे असे मी म्हणेन.

वृत्तपत्रांच्या जुन्या फाइली चाळताना परस्परविरोधी बाजूंची दोन पत्रे घ्यावीत. अलिबागच्या ‘कृषीवल’चे नाते शेतकरी कामगार पक्षाशी आहे हे ठाऊक ठेवून तो वाचला, तर तो अतिशय मोलाचा ठरतो. १८२८ मध्ये स्थापन झालेल्या रत्नागिरीच्या नगर वाचनालयासारख्या संस्थांत जुने साहित्य मिळते. मुलाखती घेताना आमदारांच्या कार्यकर्त्यांइतकाच वेळ पराभूत उमेदवाराला, निवृत्त ग्रामसेवकाला आणि मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षांना द्यावा. माणूस वयस्कर असेल तर ‘काका’, ‘भाऊ’ म्हणून आदराने बोलावे, पण तारीख विचारायला संकोचू नये आणि सांगितलेली तारीख कार्यवाहीशी ताडून पाहिल्याशिवाय छापू नये.

मसुदा पूर्ण झाला की ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना, ते हयात नसल्यास कुटुंबीयांना, तो वाचायला द्यावा आणि पंधरा दिवसांची मुदत द्यावी. तथ्याची चूक दाखवली व तिचा पुरावा दिला तर दुरुस्ती करावी. मत पटले नाही एवढ्यावरून वाक्य बदलू नये, त्यांचे म्हणणे मात्र त्याच पानावर त्यांच्या शब्दांत छापावे. प्रत्येक विधानापुढे अधिवेशनाचे वर्ष, कामकाजाची तारीख किंवा कागदाचा क्रमांक लिहावा, आणि माहितीच्या अधिकारात मिळालेल्या कागदांच्या प्रती तालुक्याच्या ग्रंथालयात ठेवाव्यात, म्हणजे पुढच्या निवडणुकीच्या आधी कोणालाही त्या मागून घेऊन पाहता येतील.